थांबल्याबद्दल गुण वजा

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मला चोपन्न गुण मिळाले, शंभरापैकी. ज्या भाषेत मी पाळण्यापासून भांडत आलेय, त्याच भाषेच्या बोलण्याच्या परीक्षेत.

संस्थेच्या आमच्या शाखेचे नवे संचालक, म्हणजे साहेब, आज संध्याकाळी माझ्या वर्गात पडदा घेऊन आले. वयाने माझ्या लेकीएवढे आहेत आणि बोलणं इतकं गुळगुळीत की ऐकणाऱ्याचा पाय घसरावा. वर्गात माझी नेहमीची मंडळी होती, परदेशातून इथं कामाला आलेली आणि दिवसभर राबून संध्याकाळी इथली भाषा शिकणारी. पडद्यावर एक हसरी बाई येते, वाक्य दाखवते, आपण ते बोलायचं आणि ती गुण देते. कंपनीने तिला काहीतरी झकपक नाव दिलंय. मी तिथल्या तिथे तिचं नाव ठमाबाई ठेवलं.

"बाईंपासूनच सुरुवात करू या," साहेब म्हणाले. मी उठले, पदर सारखा केला आणि वर्गात बोलते तशी स्वच्छ बोलले. चोपन्न. खाली लाल अक्षरांत सल्ला: 'तुम्ही अडखळत बोलता. सराव वाढवा.' वर्ग खो खो हसला. लिफ्ट दुरुस्त करणारा आमचा लिफ्टवाला तर डोळे पुसत होता.

सिस्टर तेवढी हसली नाही. तिला एकोणपन्नास मिळाले. तिच्या देशात तिने अकरा वर्षं अतिदक्षता विभागात नर्सचं काम केलंय आणि इथल्या मोठ्या इस्पितळात ती चादरी मोजते. तिथं तिला 'चादरवाली' म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून सिस्टर म्हणते. बोलण्याच्या परीक्षेत सत्तर मिळाले तर तिला वॉर्डात नर्स म्हणून घेतील, पण ती जागा मार्चअखेरपर्यंतच राखून ठेवली आहे. आणि आता ही परीक्षा ठमाबाई घेणार.

"हिला भाषा कळत नाही," मी साहेबांना सांगितलं.

"बाई, तिला लाखो माणसांचे आवाज ऐकवलेत."

"ऐकवलेत ना? त्यातल्या एकाशी तरी ती बोललीय का?"

साहेब हसले. हसण्याचे त्यांना ठमाबाईने शंभर दिले असते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

फोनवर ठमाबाई उतरवून घेतली. सकाळपासून तिच्याशी झुंजतेय. चोपन्नचे सत्तावन्न झाले, तेही ओरडून.

शेवटी यांच्यापुढे फोन धरला. यांनी पेपर बाजूलासुद्धा ठेवला नाही, एका दमात वाक्य म्हटलं आणि त्र्याऐंशी मिळवले. हे आयुष्यभर विमा कंपनीत होते. पॉलिसीच्या अटी गिऱ्हाइकाला अशा वाचून दाखवायच्या की मध्ये तोंड घालायला फट मिळू नये, ही यांची कला.

"तू फार थांबतेस," हे म्हणाले.

"मी थांबत नाही, जागा देते."

खरंच आहे ते. परक्या भाषेत बोलणारा माणूस भीतीने पळत सुटतो. मी सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते, वाक्य संपलं की जरा दम खा, समोरच्याला आत येऊ दे. इतकी वर्षं सांगून ते माझ्याच बोलण्यात मुरलंय. त्या ठमीला वाटतं मी अडखळतेय. म्हणजे माझी काही चूक नाही, हे सिद्ध झालं.

"आणि तुझी ती सिस्टर?" यांनी पेपरामागूनच विचारलं. "तिला थांबायला कोणी शिकवलं?"

मला कचरा टाकायला खाली जायचं होतं, म्हणून गेले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ठमाबाईचा काटा मी फोननेच काढणार.

माझ्या वर्गात दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवलेल्या असतात. दोघांनी बसायचं आणि न बघता बोलायचं. हातवारे बंद, चेहरे बंद, फक्त शब्दांवर निभवायचं. पाळ्या बदलल्या की अर्धी मंडळी वर्गाला येऊ शकत नाहीत, म्हणून आज फोनवर ग्रुप काढला. नाव 'पाठमोऱ्या खुर्च्या'. नियम असा की रोज एक मिनिट आवाजात बोलून पाठवायचं, चुकलं तर पुसायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला तरी उत्तर द्यायचं. मी कुणाची चूक दाखवणार नाही. मी फक्त गप्पा मारणार आणि त्यात तेच वाक्य नीट बोलून दाखवणार.

लिफ्टवाल्याचा पहिला निरोप विहिरीतून आल्यासारखा घुमत आला. तो खरोखर लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता. "बाई, इथं अंधार आहे पण भाषा चांगली येते," म्हणाला.

सिस्टर एका म्हाताऱ्या रुग्णाबद्दल बोलली. ती चादर बदलत होती, त्यांनी विचारलं, मुलगा कधी येणार. तिला रुग्णांशी बोलायची परवानगी नाही. "मी काही बोलले नाही. पण गेले पण नाही," ती म्हणाली. "मग ते बोलले. खूप बोलले." मी तिला लगेच उत्तर पाठवलं की असंच बोलत राहा, मार्च आपलाच आहे.

दुपारी साहेबांनी बोलावून घेतलं. "बाई, बाहेरच्या सरावाची नोंद होत नाही हो."

"नोंद होत नसेल. सराव होतो," मी म्हणाले आणि चहा न घेता उठले. आता वाटतंय, चहा घ्यायला हरकत नव्हती.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेक आली होती. ती बँकेत असते, पण व्हिडिओ काढण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. मी तिला बेत सांगितला. आधी मी ठमाबाईपुढे बोलणार, मग सिस्टर, मग हे. तिघांचे गुण पडद्यावर दिसतील. ज्यांचं बोलणं माणसाला कळतं ते नापास आणि जे कोणाला कळू नये म्हणून बोलतात ते पास. जगाला कळू दे.

"आई, त्या सिस्टरला विचारलंस का?"

"विचारलं की. चालेल म्हणाली."

"काय विचारलंस नेमकं?"

"अगं, म्हटलं, व्हिडिओ काढतोय, चालेल ना? चालेल म्हणाली. झालं."

लेक म्हणाली उजेड कमी आहे, खिडकीपाशी बसू. सिस्टर हॉस्पिटलच्या निळ्या कोटातच आली होती. तीन वेळा तेच वाक्य बोलली. तिसऱ्या वेळी तिचे हात मांडीवर घट्ट होते, ती परीक्षेची भीती. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, हे तुझ्यासाठीच चाललंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

व्हिडिओ पेटला. सकाळी उठले तर बघणाऱ्यांचा आकडा आमच्या इमारतीच्या, गल्लीच्या, मला वाटतं पेठेच्याही पुढे गेला होता. निवृत्त शिक्षक, शाळकरी मुलं, एक टॅक्सीवाला, सगळे ठमाबाईपुढे बोलून आपापले गुण टाकताहेत. एका गायिकेला साठ मिळाले. मी प्रत्येकाला उत्तर देतेय. अंगठा दुखतोय, पण काय मजा आहे.

साहेबांचा फोन आला. मी उचलला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा उचलला आणि नंतर बोलते म्हणून ठेवला. एकोणसाठाव्या वर्षी माणसाला एवढी तरी चैन हवी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लोक काय वाटेल ते लिहितात. 'हिच्या हातून इंजेक्शन घेणार नाही.' 'आधी भाषा शिका मग या.' एकाने तर सिस्टरच्या कोटावरचा बिल्ला मोठा करून इस्पितळाचं नाव लिहिलं. मी एकेकाची अशी खरडपट्टी काढली की चार जणांनी आपले शब्द पुसले. मी गप्प बसणाऱ्यांपैकी नाही.

सिस्टर दोन वर्ग आली नाही. ग्रुपवरही नाही. रात्रपाळी असेल. दुसऱ्या व्हिडिओत तिलाच सगळ्यांना ठणकावून उत्तर द्यायला लावायचं ठरवलंय. वाक्यंही लिहून ठेवलीत, झणझणीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सिस्टरचा निरोप आला. ग्रुपवर नाही, फक्त मला. एका मिनिटाहून मोठा आहे. तो मी इथं जसाच्या तसा लिहून ठेवतेय, कारण फोनवरून पुसला जाईल अशी भीती वाटते आणि पुसला जावा असंही वाटतं.

"बाई, नमस्कार. दुसरा व्हिडिओ, नाही. पहिला पण काढून टाका. मला साहेबांनी नाही सांगितलं, मी सांगते. कपड्यांच्या खोलीत सगळ्यांनी बघितला. आता मी आले की ते बोलणं बंद करतात, नाहीतर माझ्यासारखं बोलतात. मेट्रनने बोलावलं. मेट्रन सगळ्या नर्सेसची मोठी आहे. ती म्हणाली, सगळं जग म्हणतं तुला बोलता येत नाही. मी काय सांगू? बाई, तुम्ही मला म्हणाल्या, चालेल ना. मी म्हटलं चालेल. तुम्ही लगेच कॅमेरा लावला. मध्ये जागा नव्हती. तुम्ही माझ्या बाई आहात. बाईंना नाही कसं म्हणायचं, ते मला तुम्ही शिकवलं नाही. आज मी स्वतः शिकले. नाही."

मी तिला लगेच उत्तर द्यायला घेतलं, की अगं ते लोक मूर्ख आहेत, तुझी बाजू मीच... अर्धं बोलून थांबले. पुसलं. पुन्हा बोलले, पुन्हा पुसलं. माझाच नियम, पुसायचं नाही.

फार वाईट वाटतंय. रागही येतोय आणि तो नेमका कुणाचा ते कळत नाही, म्हणून यांच्यावर काढला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

व्हिडिओ काढून टाकला. लेकीने विचारलंसुद्धा नाही का म्हणून.

लगेच साहेबांचा फोन. "बाई, फार समजूतदारपणा दाखवलात."

"तुमच्यासाठी नाही काढला," मी म्हणाले. "तुमच्या ठमाबाईविरुद्ध मी उद्या चौकात ढोल घेऊन बसेन. फक्त दुसऱ्याच्या तोंडाने बोलणार नाही."

"ठमाबाई कोण?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

सिस्टरला एवढंच पाठवलं: "काढला. चुकलं माझं." आणि पुढे काहीही जोडलं नाही. जोडण्यासारखं पुष्कळ होतं.

६ मार्च, गुरुवार

सिस्टर वर्गाला आली. जणू काही झालंच नाही अशी वही उघडून बसली. वर्ग सुटल्यावर मीच विषय काढला. सत्तर मिळवायचे तर जागा देणं सोडावं लागेल, विमा कंपनीसारखं बोलावं लागेल. हे शिकवायला मी आमच्या यांना बोलावते, म्हटलं. आणि या खेपेला विचारून गप्प राहिले. फार जड गेलं ते गप्प राहणं.

ती विचार करून म्हणाली, "बोलवा."

म्हणून आज हे, ज्यांना वर्गाच्या पायऱ्या ठाऊक नव्हत्या, पाठमोऱ्या खुर्चीवर बसले आणि सिस्टरला पॉलिसीच्या अटी म्हणायला शिकवू लागले. "श्वास वाक्याच्या मध्ये घ्या, शेवटी नाही," हे तिला सांगत होते, "शेवटी घेतलात की गिऱ्हाईक बोलतं." दोघं हसत होती. मी खिडकीजवळ उभी राहून माझी सगळी शिकवण उलटी होताना बघितली. सिस्टर अठ्ठावन्नपर्यंत गेली.

११ मार्च, मंगळवार

परीक्षा झाली. सहासष्ट.

चार गुणांनी गेलं. बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, प्रश्न विचारला होता, रुग्णाला वाईट बातमी सांगा. मी धावत नाही सांगू शकले." मी ठमाबाईला जे जे बोलले ते या वहीत लिहिणार नाही, वही घरातल्यांच्या हाती लागू शकते.

साहेब म्हणाले, पुढची परीक्षा जूनमध्ये. जूनमध्ये ती जागा असेल का, मी विचारलं. "प्रक्रिया आहे बाई," म्हणाले.

१३ मार्च, गुरुवार

मी मेट्रनना भेटायला निघाले होते. चप्पल पायात घातली होती, भाषण तयार होतं. तेवढ्यात सिस्टरचा निरोप आला, ती कालच जाऊन आली.

सहासष्टचा कागद मेट्रनच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, हे यंत्राने ऐकलं, आता तुम्ही ऐका. मेट्रन म्हणाल्या, पद्धत नाही. ही तिथंच उभी राहिली. काही बोलली नाही, गेली पण नाही. शेवटी मेट्रनच म्हणाल्या, बरं, तुमच्या संचालकांना बोलवा, आम्ही दोघं ऐकू.

मी लगेच लिहिलं, मीही येते. उत्तर आलं, "नाही बाई. तुम्ही बाहेर."

चप्पल काढून ठेवली.

१८ मार्च, मंगळवार

माझ्याच वर्गाच्या खोलीत झालं. मेट्रन उंच, करड्या केसांच्या, घड्याळ उलटं बांधणाऱ्या. साहेब फोन बंद करून आले होते, एवढं मी बघितलं. मग दार लागलं. आमचं दार नीट लागत नाही हे मी कुणाला सांगितलं नाही.

"साहेब, तुम्ही रुग्ण व्हा," मेट्रन म्हणाल्या.

साहेबांनी तयारी केली होती. पोटात दुखतं. कालपासून. औषध घेतलं नाही. कसली ॲलर्जी नाही. सिस्टर एकेक विचारत होती, शब्द साधे, एक-दोन चुकलेही. "आणखी काही सांगायचं आहे?" तिने विचारलं.

"नाही. बाकी सगळं ठीक."

आणि सिस्टर गप्प झाली.

मी बाहेर भिंतीला टेकून उभी. पुढचा प्रश्न विसरली, मला वाटलं. मला पाठ होता तो. माझा हात दाराच्या कडीवर गेला. आत अजून सगळं शांत होतं, खुर्ची तेवढी एकदा करकरली. ठमाबाई असती तर एव्हाना तिने शून्यावर आणलं असतं. मी कडी सोडली. कशी सोडली ते मलाच ठाऊक.

"म्हणजे, झोप लागत नाही," साहेब म्हणाले.

सिस्टर काही बोलली नाही.

"बरेच दिवस झाले. नोव्हेंबरपासून." त्यांचा आवाज वेगळा होता, घसरण्यासारखं त्यात काही नव्हतं. "वरून सांगितलंय, या वर्षी आकडे आले नाहीत तर शाखा बंद. घरी सांगितलेलं नाही अजून. पोटात तेव्हापासूनच दुखतं, खरं तर."

"रोज दुखतं?" सिस्टरने विचारलं.

"रोज."

मग मेट्रननी पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी दारापासून लांब गेले. पुढचं माझ्यासाठी नव्हतं.

साहेब बाहेर आले तेव्हा मी जिन्यावर उभी होते. मी टोमणा मारीन असं त्यांना वाटलं असावं. दोन टोमणे जिभेवर होतेही. "चहा घेणार का?" मी विचारलं.

२१ मार्च, शुक्रवार

शाखेचं पत्र आलं. एप्रिलपासून संध्याकाळचे वर्ग बंद, सराव फक्त ॲपवर. खाली साहेबांची सही आहे, पण शाई पसरलेली आहे. मी त्यांना कळवलं की खुर्च्या संस्थेच्या आहेत त्या ठेवा, माणसं माझी आहेत ती घेऊन जाते. ग्रुपवर तसं सांगितलं तर लिफ्टवाल्याने खड्ड्यातून शिट्टी मारली. आजपासून ग्रुपचा एक नियम वाढवलाय. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने मला एकदा तरी नाही म्हणून दाखवायचं, तेही कारण न देता. बेकरीतली एक नवीन बाई आहे, तिने अजून पाठवलेलं नाही. मी वाट बघतेय, मागे लागलेली नाही.

आत्ता सिस्टरचा निरोप आला. मागे कुणीतरी तिला "सिस्टर, लवकर" म्हणून हाक मारतंय.

"बाई, उद्या ग्रुपवर मी येणार नाही. ड्यूटी आहे. वॉर्डात."

हा तिचा मला तिसरा नकार. या वेळी ती मध्ये थांबलीसुद्धा नाही.